बेसबॉलमधला सर्वांत थोर हिटर कोण? माझं मत टेड विल्यम्सला, पण आधी मोजायचं काय ते ठरवू

प्रश्न ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावरून आलाय. विचारणारे अलीकडेच पुण्याहून न्यू जर्सीत आलेत, क्रिकेटवर वाढलेले. टेबलावर एकजण बेब रूथ म्हणतो, दुसरा बॅरी बॉन्ड्स, तिसऱ्याला ॲरन जजपुढे कुणी दिसतच नाही. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं: "क्रिकेटमध्ये ब्रॅडमनचं ९९.९४ सांगितलं की वाद मिटतो. बेसबॉलमध्ये असा एक आकडा का नाही? आणि दहापैकी सात वेळा फसणाऱ्याला थोर कसं म्हणायचं?"

मी इथे शाळेतल्या मुलांना हिटिंग शिकवतो आणि रात्री आकड्यांत डोकं घालून बसतो, त्यामुळे या वादात मी वर्षानुवर्षं पडत आलोय. माझं मत टेड विल्यम्सला. बॉस्टन रेड सॉक्स, १९३९ ते १९६०. रूथ त्याच्या खालोखाल, आणि तेही थोडक्यात. मात्र टेबलावर नुसतं नाव फेकून उपयोग नाही, कारण तिथले तिघे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत.

आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो. बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे हिट (मारून बेस गाठणं) भागिले ॲट-बॅट (बॅटिंगची एकेक पाळी, काही अपवाद सोडून). ०.३०० म्हणजे हजार ॲट-बॅटमध्ये तीनशे हिट. बोलताना लोक 'थ्री हंड्रेड' म्हणतात. क्रिकेटच्या सरासरीशी याचं नावापुरतंच नातं आहे. बॉल पिचरच्या, म्हणजे टाकणाऱ्याच्या, हातून सुटतो तो साधारण ५५ फुटांवरून. आजचा सरासरी फास्टबॉल ताशी १५० किलोमीटरच्या घरात, म्हणजे बॅटरसमोरच्या होम प्लेटपर्यंत यायला जेमतेम ०.४ सेकंद. बॅट फिरवायलाच ०.१५ सेकंद जातात. उरलेल्या पाव सेकंदात बॉल सरळ येतोय की वळतोय, प्लेटवरून जाणार की बाहेरून, हे ओळखायचं. टप्पा पडत नाही, बॅट गोल, मागे मारलेलं चालत नाही, आणि समोर ग्लोव्ह घातलेले सात फील्डर. २०२४ मध्ये मेजर लीगची (नॅशनल आणि अमेरिकन या दोन अव्वल लीग मिळून) एकूण सरासरी ०.२४३ होती. जगातल्या सर्वोत्तम बॅटर्सची ही सरासरी, तेव्हा ०.३०० ला मान का आहे हे लक्षात येईल.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. 'दहापैकी सात' हा हिशेबच अपुरा, कारण ॲव्हरेजमध्ये वॉक धरलेलाच नसतो. पिचरने चार बॉल स्ट्राइक झोनच्या, म्हणजे प्लेटवरच्या मारण्याजोग्या चौकटीच्या, बाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडले, तर त्याला फुकटात फर्स्ट बेस मिळते. त्याचं ना हिटमध्ये नाव, ना ॲट-बॅटमध्ये. शिवाय ॲव्हरेजला सिंगल (एक बेस देणारा हिट) आणि होमरन (चारही बेस फिरवून आणणारा) सारखेच. जी दोन कामं बॅटरने सर्वांत जास्त करायला हवीत, म्हणजे आउट न होणं आणि लांब मारणं, त्यातलं पहिलं ॲव्हरेज अर्धवट मोजतं आणि दुसरं अजिबात नाही. तरी दीडशे वर्षं वर्तमानपत्रांनी हाच आकडा मिरवला.

संघाकडे नऊ इनिंगमध्ये सत्तावीस आउट असतात. वेळ संपत नाही, षटकं संपत नाहीत, आउट संपतात. म्हणून मी मुलांच्या पालकांनाही हेच सांगतो की तुमच्या मुलाचं ॲव्हरेज मला सांगू नका, तो किती वेळा बेसवर पोचला आणि पोचताना किती बेस घेतल्या ते सांगा. पहिलं म्हणजे ऑन-बेस पर्सेंटेज, दुसरं म्हणजे स्लगिंग. स्लगिंगमध्येही खोट आहे, कारण त्यात होमरन म्हणजे चार सिंगल असं गणित असतं. प्रत्यक्ष धावांचा हिशेब केला तर वॉकची किंमत ०.७ धरल्यास सिंगलची ०.९, डबलची सव्वा, ट्रिपलची १.६ आणि होमरनची दोनच्या आसपास निघते. म्हणजे वॉक सिंगलपेक्षा थोडासाच कमी, आणि होमरन सिंगलच्या चौपट नव्हे, सव्वादोनपट. हे लक्षात घेतलं की जुन्या याद्यांची उलथापालथ होते.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण २००४ सालचं. त्या वर्षी सिॲटलच्या इचिरो सुझुकीने २६२ हिट मारले. चौऱ्याऐंशी वर्षांचा विक्रम मोडला, ॲव्हरेज ०.३७२. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या बॉन्ड्सचे हिट होते फक्त १३५, ॲव्हरेज ०.३६२. हिटच्या यादीत इचिरो त्याच्या जवळजवळ दुप्पट. आता बेसवर कोण किती वेळा पोचला ते बघा. इचिरो ३१५ वेळा. बॉन्ड्स ३७६ वेळा, आणि तेही १४५ वेळा कमी प्लेटवर येऊन. बॉन्ड्सला २३२ वॉक मिळाले होते. हिट मिळवण्याच्या प्रयत्नात इचिरो ४४२ वेळा अपयशी ठरला, बॉन्ड्स २३८ वेळा. इचिरोने ७०४ ॲट-बॅटमध्ये ३२० बेस घेतल्या, बॉन्ड्सने ३७३ मध्ये ३०३. बॉन्ड्सचं ऑन-बेस पर्सेंटेज ०.६०९ होतं, म्हणजे दहातून सहा वेळा तो बेसवर. तुमचा 'दहापैकी सात' इथे पार उलटा झाला! आणि होमरन ४५, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) ४१. इतकं लांब मारणारा माणूस होमरनपेक्षा कमी वेळा स्ट्राइकआउट होतो, हे आजच्या खेळात जवळपास अशक्य.

इथे कुणीतरी म्हणणारच की त्यातले १२० वॉक इन्टेन्शनल होते, म्हणजे पिचरने मुद्दाम दिलेले, त्यात बॅटरचं कर्तृत्व काय? रास्त शंका. मग ते १२० सरळ वगळा. तरी ऑन-बेस ०.५१५ उरतं. आणि समोरच्या मॅनेजरला एकाच मोसमात एवढ्या वेळा 'नको रे बाबा, याला जाऊ दे' म्हणावंसं वाटलं, हेही मोजमापच आहे. त्याआधी १९९८ मध्ये ॲरिझोनाने तर बेसेस भरलेल्या असताना, नवव्या इनिंगमध्ये, त्याला मुद्दाम वॉक देऊन एक धाव फुकट दिली होती. दोन धावांची आघाडी होती. पुढच्या बॅटरला आउट करून सामना जिंकलाही.

मग बॉन्ड्सच का नाही? ७६२ होमरन, २००१ मध्ये एका मोसमात ७३, सात वेळा एमव्हीपी (लीगमधला मोसमाचा सर्वांत मोलाचा खेळाडू), सगळं आहे. एका मोसमाची उंची विचाराल तर २००१ ते २००४ च्या बॉन्ड्सच्या वर मी कुणालाच ठेवत नाही. पण तो काळ बाल्को प्रकरणाच्या, म्हणजे खेळाडूंना बंदी असलेली औषधं पुरवल्याच्या प्रकरणाच्या, सावलीतला आहे. हॉल ऑफ फेमसाठीच्या (थोर खेळाडूंच्या सन्मानयादीसाठीच्या) पत्रकारांच्या मतदानात २०२२ च्या शेवटच्या संधीलाही त्याला ६६ टक्केच मतं पडली, लागतात ७५. काही लोक म्हणतात की औषधांचा परिणाम वजा करून उरलेला बॉन्ड्स मोजू. तो वजाबाकीचा आकडा कुणाकडेच नाही. मी एवढंच करतो: १९९८ अखेरपर्यंतचा बॉन्ड्स वेगळा काढतो. तेव्हा त्याच्या नावावर ४११ होमरन आणि ४४५ स्टील (चोरून घेतलेल्या बेस) होत्या, तीन एमव्हीपी होत्या. नि:संशय हॉल ऑफ फेमचा खेळाडू, पण हिटर म्हणून तो रूथ-विल्यम्सच्या पंक्तीत बसत नाही. पंक्तीत बसवतात ती नंतरची वर्षं, आणि वांधा नेमका त्याच वर्षांचा आहे.

आता काळाचा प्रश्न. ब्रॅडमनसारखा एक आकडा नाही याचं मोठं कारण हे की बेसबॉलमधले आकडे काळाप्रमाणे फारच हलतात. १९३० मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या बिल टेरीने ०.४०१ मारले. नॅशनल लीगमध्ये त्यानंतर कुणालाही ०.४०० गाठता आलेलं नाही. ऐकायला भारी, पण त्या वर्षी त्या लीगची सरासरीच ०.३०३ होती. सगळेच मारत होते. उलट १९६८ मध्ये अमेरिकन लीगचा बॅटिंग चॅम्पियन कार्ल यास्त्रेम्स्की, ॲव्हरेज ०.३०१, आणि ०.३०० च्या वर तो एकटाच. लीगची सरासरी ०.२३०. पिचर इतके वरचढ झाले की पुढच्याच वर्षी माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणावी लागली. लीगची पातळी आणि मैदानाचा फायदा काढून टाकला की यास्त्रेम्स्कीचं १९६८ टेरीच्या १९३० पेक्षा सरस ठरतं. ॲव्हरेजमध्ये शंभर अंकांनी मागे असूनही!

हा हिशेब करणारा एक सोपा आकडा म्हणजे ओपीएस प्लस. ऑन-बेस आणि स्लगिंग एकत्र करून, लीग आणि मैदान लक्षात घेऊन, सर्वसाधारण बॅटरला १०० धरतात. १५० म्हणजे पन्नास टक्के सरस. पूर्ण कारकिर्दीत रूथ २०६, विल्यम्स १९१, बॉन्ड्स १८२, लू गेहरिग १७९. ब्रॅडमन इतरांच्या मैलभर पुढे आहे, इथे मात्र या चौघांत रांग लागलीय. योगायोग असा की १९३२ मध्ये न्यूयॉर्कला आलेला ब्रॅडमन यांकी स्टेडियममध्ये रूथला भेटला होता. दोघांनी एकत्र बसून सामना पाहिला. या वादातला सर्वांत चांगला फोटो तोच.

२०६ विरुद्ध १९१ असताना मी विल्यम्स का म्हणतो, याचं उत्तर द्यायला हवं. रूथचे आकडे खोटे नाहीत. १९२० मध्ये त्याने ५४ होमरन मारले, तेव्हा त्याचा स्वतःचा यांकीज आणि फिलाडेल्फिया फिलीज सोडले तर एकाही पूर्ण संघाचे तेवढे नव्हते. कारकिर्दीत ०.३४२ ॲव्हरेज, ०.६९० स्लगिंग, ७१४ होमरन. पण तो कुणापेक्षा इतका पुढे होता? ज्यांना अजून होमरनसाठी बॅट फिरवायची असते हेच उमजलं नव्हतं त्यांच्यापेक्षा. त्याआधीचा खेळ बंट (बॅट फक्त टेकवून बॉल जवळ पाडणं), स्टील, सिंगलचा. १९२० च्या सुमाराला बॉलला थुंकी लावायला बंदी आली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॅटर रे चॅपमन डोक्यावर बॉल लागून दगावला, त्यानंतर मळलेले बॉल चटकन बदलायला सुरुवात झाली. खेळ बदलला आणि बदललेल्या खेळाचं गमक सर्वांत आधी रूथला कळलं. ही त्याची प्रतिभाच, वादच नाही. पण सरासरीशी तुलना करणाऱ्या आकड्यात या आघाडीचा फायदा मिळतो. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी ०.४०० च्या नाहीसं होण्याबद्दल हेच मांडलं होतं: सगळ्यांचा दर्जा सुधारत गेला की सर्वोत्तम आणि सर्वसाधारण यांतलं अंतर कमी होत जातं. एका माणसाने लीगपेक्षा कित्येक पावलं पुढे असणं पुढच्या काळात अधिक अवघड होतं.

शिवाय रूथ खेळला ती लीग फक्त गोऱ्यांची. रात्रीचे सामने नाहीत, थकलेला पिचर नवव्या इनिंगपर्यंत समोर. विल्यम्सच्या काळात दिव्यांखालचे सामने आले, स्लायडर नावाचा बॉल पसरला, १९४७ पासून वर्णभेदाची भिंत पडायला लागली. इथे विल्यम्सला जास्तीचं श्रेय द्यायचं नाही, कारण अमेरिकन लीगने कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला नॅशनल लीगपेक्षा उशीर केला आणि त्याच्याच रेड सॉक्सने तर सर्वांत शेवटी, १९५९ मध्ये. पण तुलनेत त्याची लीग रूथच्या लीगपेक्षा कठीण होती, हे मान्य करावं लागतं. म्हणून पंधरा अंकांचं ते अंतर माझ्या लेखी उरत नाही. 'सर्वांत थोर खेळाडू' विचारलंत तर रूथच. तो आधी उत्तम पिचर होता हेही विसरून चालणार नाही. पण प्रश्न हिटरचा आहे.

विल्यम्सचं ऑन-बेस पर्सेंटेज कारकिर्दीत ०.४८२. मेजर लीगच्या इतिहासात हे सर्वांत वरचं. म्हणजे वीस वर्षांच्या आसपास चाललेल्या खेळात तो जवळजवळ निम्म्या वेळा आउट झालाच नाही. २,०२१ वॉक, ७०९ स्ट्राइकआउट, ५२१ होमरन. आणि हे मधली जवळपास पाच वर्षं गमावून. १९४३ ते १९४५ ही वयाची चोवीस ते सव्वीस वर्षं, बॅटरची चढती वर्षं, युद्धात पायलट म्हणून गेली. १९५२-५३ चा बहुतेक काळ कोरियात, ३९ उड्डाणं. एकदा जळतं जेट पोटावर उतरवावं लागलं. परतल्यावर १९५३ मध्ये ३७ सामने खेळला आणि ०.४०७ मारले, १३ होमरन. 'तो खेळला असता तर' हे मी हिशेबात धरत नाही. जे केलं तेवढं पुरेसं आहे.

१९४१ ची गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते. मोसमाच्या शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, फिलाडेल्फियात दोन सामने होते. सकाळी विल्यम्सचं ॲव्हरेज ४४८ ॲट-बॅटमध्ये १७९ हिट, म्हणजे ०.३९९५५. तीन आकड्यांत लिहिलं की ०.४००. मॅनेजर जो क्रोनिनने 'हवं तर बस बाहेर' असं सुचवलं होतं. विल्यम्स दोन्ही सामने खेळला, आठपैकी सहा हिट, शेवट ०.४०६. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या मोसमात ०.४०० कुणी केलेलं नाही. आता उरलेली अर्धी गोष्ट. त्या काळी सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे उंच मारून स्वतः झेलबाद होऊन थर्ड बेसवरच्या गड्याला घरी आणणं, हेही ॲट-बॅटमध्ये धरत. आज धरत नाहीत. आजच्या नियमाने त्याचा आकडा आणखी वर गेला असता. आणि ०.४०६ पेक्षा मला त्या वर्षाचे हे दोन आकडे मोठे वाटतात: ऑन-बेस ०.५५३, आणि ३७ होमरनला फक्त २७ स्ट्राइकआउट.

त्या वर्षी एमव्हीपी कोण झालं? जो डिमॅजिओ, सलग ५६ सामन्यांत हिट मारल्याबद्दल. त्या ५६ सामन्यांत त्याचं ॲव्हरेज ०.४०८. तेवढ्याच काळात विल्यम्सचं ०.४१२! १९४२ आणि १९४७ मध्ये विल्यम्सने ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे ॲव्हरेज, होमरन आणि आरबीआय (आपल्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा) तिन्हींत लीगमध्ये पहिला, आणि दोन्ही वर्षी एमव्हीपी दुसऱ्याला. १९४७ ला तर एका गुणाने. पत्रकारांशी त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं आणि मतं पत्रकारांची.

त्याची पद्धत मी मुलांना शिकवतो म्हणून जरा जवळून सांगतो. त्याने स्ट्राइक झोन सत्त्याहत्तर बॉलमध्ये मांडला होता, सात आडवे, अकरा उभे, आणि प्रत्येक जागी आपण किती ॲव्हरेजने मारू ते लिहिलं होतं. मधोमध ०.४००. बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात ०.२३०. दोन्ही स्ट्राइकच आहेत, पण ०.२३० वाला बॉल दोन स्ट्राइक होईपर्यंत सोडायचा. एवढंच तत्त्व. ते पाळायला मात्र जबर संयम लागतो. केजमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीत, मी मुलाला बॅट खांद्यावर ठेवून नुसतं उभं करतो. समोरून बॉल येतो, त्याने पाय टाकायचा, बॉल अर्ध्या वाटेवर असतानाच 'हो' किंवा 'नाही' ओरडायचं, आणि बॅट फिरवायची नाही. सुरुवातीला प्रत्येक बॉलला 'हो'. मग हळूहळू मांडीच्या खालच्याला 'नाही' येतं, मग बाहेरून वळणाऱ्याला. चांगल्या मुलाचा 'नाही' बॉल मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडायच्या खूप आधी येतो. ताकद जिममध्ये येते, ही नजर येत नाही. विल्यम्सकडे दोन्ही होतं आणि त्याने ते एकोणचाळिशीपर्यंत टिकवलं: १९५७ मध्ये ०.३८८, ३८ होमरन. १९५९ हे मानेच्या दुखण्याचं वर्ष सोडलं तर त्याचं ॲव्हरेज ०.३०० च्या खाली कधी गेलंच नाही. १९६० मध्ये, ४२ व्या वर्षी, बॉस्टनच्या फेनवे पार्कवरच्या शेवटच्या ॲट-बॅटला होमरन.

त्याच्याविरुद्धचा एक मुद्दा खरा आहे. तो डावखुरा, सगळं उजवीकडे ओढून मारायचा. १९४६ मध्ये क्लीव्हलंडच्या लू बूड्रोने जवळजवळ सगळे फील्डर उजवीकडे उभे केले. विल्यम्सला डावीकडे टोलवून सहज हिट मिळाले असते. हट्टाने तो बहुतेकदा त्या गर्दीतच मारत राहिला. फेनवेचाही आधार होता, घरच्या मैदानावर ०.३६१, बाहेर ०.३२८. पण बाहेरचं ०.३२८ हीसुद्धा कुणाची आयुष्यभराची कमाई ठरावी!

ज्यांच्या यादीत टाय कॉब पहिला असतो त्यांच्याशी मी फार भांडत नाही. ०.३६६ च्या वरची ती कारकीर्द होमरनच्या आधीच्या खेळातली, तिचे नियमच निराळे. टोनी ग्विनवर मात्र माझा जीव आहे. वीस मोसम सॅन डिएगो, आठ वेळा बॅटिंग चॅम्पियन, ०.३३८. ग्रेग मॅडक्ससारख्या पिचरसमोर शंभराहून जास्त वेळा उभा राहिला आणि एकदाही स्ट्राइकआउट झाला नाही. १९९४ मध्ये ०.३९४ वर असताना ऑगस्टमध्ये संप झाला आणि मोसमच संपला. बॉलला बॅट लावण्याची कला हा निकष असेल तर ग्विन. पण ऑन-बेस बघा: ग्विन ०.३८८, आणि ॲव्हरेजमध्ये चाळीस अंकांनी मागे असलेला बॉन्ड्स ०.४४४. आजच्या काळात लुईस अराएझने तीन वेगवेगळ्या संघांकडून सलग तीन वर्षं बॅटिंग टायटल जिंकलं. २०२४ ला ०.३१४, पण चारच होमरन आणि ऑन-बेस ०.३४६. त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्क मेट्सने ७६५ मिलियन डॉलर कुणाला दिले? ०.२८८ मारणाऱ्या वान सोटोला, कारण त्याचं ऑन-बेस ०.४१९ होतं आणि होमरन ४१. संघांच्या तिजोऱ्यांनी हा वाद केव्हाच निकालात काढलाय.

जॉश गिब्सनचं नाव टेबलावर कुणी काढलं नाही, ते तुम्ही काढा. मे २०२४ मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ च्या निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे, आकडे आपल्या अधिकृत नोंदींत घेतले, आणि कारकिर्दीच्या ॲव्हरेजमध्ये कॉबला मागे टाकून गिब्सन पहिला आला, ०.३७२. स्लगिंगमध्येही रूथच्या पुढे, ०.७१८. १९४३ मध्ये होमस्टेड ग्रेजकडून ०.४६६. अडचण अशी की ते मोसम साठ-ऐंशी सामन्यांचे; नोंदलेले ॲट-बॅट दोन-सव्वादोन हजारांच्या घरात, कॉबचे अकरा हजारांवर. छोट्या नमुन्यात आकडे टोकाला जातात, म्हणून ०.४६६ ची तुलना १५४ सामन्यांच्या मोसमाशी करणं मला पटत नाही. पण ही त्रुटी गिब्सनची नव्हे, त्याला दाराबाहेर ठेवणाऱ्यांची. तो जानेवारी १९४७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी गेला. वर्णभेदाची भिंत फोडणारा जॅकी रॉबिन्सन त्याच एप्रिलमध्ये ब्रुकलिनकडून उतरला. १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाताना विल्यम्सने भाषणात निग्रो लीगचा पिचर सॅचेल पेज आणि गिब्सनची नावं घेऊन, ज्यांना संधीच मिळाली नाही त्यांनाही इथे जागा मिळावी असं जाहीर म्हटलं होतं. तेव्हा असं बोलणारे गोरे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. गिब्सन १९७२ मध्ये आत गेला.

जजबद्दल तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०२२ मध्ये ६२ होमरन, अमेरिकन लीगचा विक्रम. २०२४ मध्ये ५८ होमरन, ऑन-बेस ०.४५८, ओपीएस प्लस २२० च्या वर. २०२५ मध्ये ०.३३१ मारून बॅटिंग टायटलही घेतलं. आणि हे अशा काळात की जिथे पाचातला एकाहून जास्त बॅटर स्ट्राइकआउट होतो, सामन्याच्या उत्तरार्धात सतत ताज्या दमाचे पिचर समोर येतात. गूल्ड यांचा मुद्दा धरला तर आजचं २२० हे रूथच्या तेवढ्याच आकड्यापेक्षा महाग आहे. उणीव कारकिर्दीची. तो पंचविसाव्या वर्षी नियमित खेळायला लागला आणि मध्ये दुखापतींत बरेच सामने गेले. २०२४-२५ चा जज विरुद्ध १९४१-४२ चा विल्यम्स असा सामना लावलात तर मी जजच्या बाजूने पैसे लावेन. पूर्ण कारकिर्दीचा लावलात तर नाही. ओहतानीला या यादीत घालू नका, त्याची थोरवी पिचिंग आणि हिटिंग ही दोन्ही कामं एकाच माणसाने करण्यात आहे.

तुम्ही न्यू जर्सीत आहात, तर एक सुचवतो. ट्रेनने न्यूयॉर्कला जा, सात नंबरची सबवे पकडून मेट्सचं सिटी फील्ड मैदान गाठा, आणि तिकीट शक्यतो होम प्लेटच्या मागचं, वरच्या मजल्यावरचं स्वस्तातलं घ्या. खालच्या महागड्या जागेवरून बॉलचं वळण नीट दिसत नाही. सोटो आला की मारलेल्या बॉलकडे लक्ष देऊ नका, सोडलेल्यांकडे द्या. कोपऱ्यापासून दोन बोटं बाहेर गेलेला बॉल तो कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत मान वळवून बघतो, पायाने माती घासतो, पिचरकडे रोखून पाहतो. वहीत दोनच रकाने करा, किती बॉल सोडले आणि त्यातले किती खरंच बाहेर होते. तीन इनिंग हे लिहिलंत की पुढच्या सोमवारी जेवणाच्या टेबलावर ॲव्हरेजचा विषय तुम्ही स्वतःच काढणार नाही.